आवाज कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं

सुरतेत आमच्या खालच्या खोलीत एक रिक्षावाले भाऊ राहतात, शिरपूरकडचे. रोज सकाळी रिक्षा पुसताना ते आपली अहिराणी गाणी लावतात, आणि दोन-चार गाणी झाली की मोबाइलमधून माझी अक्का गायला लागते. माझी सख्खी मोठी बहीण. मी वर खिडकीशी साड्यांना लेस लावत बसलेली असते. अक्का सुरू झाली की मशीनवरचा पाय आपोआप थांबतो.

एकदा मी पाणी भरायला खाली गेले, तर भाऊंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "देखा वहिनी, काय गळा शे पोरीना! जळगावनी शे म्हंतस." मोबाइलमध्ये हिरव्या साडीतली एक गोरी, देखणी बाई ओठ हलवत होती. मी म्हटलं, "हां भाऊ, चांगलं म्हणते." एवढं बोलून वर आले आणि रागाच्या भरात अख्ख्या साडीला लेस उलटी लावून टाकली. दुपार सगळी उसवण्यात गेली.

राग भाऊंचा नव्हता. त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नाही. माझा राग आहे तो ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर.

नावं मी इथे कुणाचीच लिहिणार नाही. अक्कानेच बजावलंय. "मन्हं नाव गानाखाले शे. ज्याले पाहिजे तो तठे वाची. तुन्हा लेखमा नको." मी आठवीत शाळा सोडलेली, लिहायची सवय नाही. हे छापून आलं तर आबा, म्हणजे आमचे वडील, काय म्हणतील, अक्काच्या सासरी काय होईल, आमच्या घरातले मला काय ऐकवतील, ह्या धास्तीने दोनदा लिहून फाडलं. इथल्या वाचनालयातल्या ताईंनी शुद्धलेखन तपासून दिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "छान लिहिलंय, पण जरा सौम्य कर." तेवढं मात्र मी त्यांचं ऐकलं नाही.

आमचं गाव सोनगीरच्या पुढे, हायवेपासून आत. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला तिचा चेहरा आठवत नाही. आठवते ती अक्का. तिने सातवीत शाळा सोडली आणि माझ्या वेण्या घातल्या, मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, तापात उशाशी बसली. आज मला चार ओळी लिहिता येतात त्या तिच्यामुळे. माझ्या दोन्ही बाळंतपणांना सुरतेच्या ह्या एका खोलीत येऊन राहिली तीही अक्काच. तेव्हा तिच्याबद्दल मी निःपक्षपातीपणे लिहीन अशी कुणी अपेक्षा करू नये.

आमच्याकडे लग्नाच्या मांडवात बाया गाणी म्हणतात आणि त्या गाण्यांत घरच्या माणसांची नावं गुंफतात. नवरदेवाचे काका, मामा, आजोबा, मोठे मेहुणे, सगळे एकेक करून मानाप्रमाणे आले पाहिजेत आणि नाव चालीत बसलं पाहिजे. मोठं नाव असलं तर ते ओढून-ताणून बसवायचं, छोटं असलं तर त्याला शेपूट लावायचं. पुरुषमंडळी लांब पानसुपारी करत बसल्यासारखं दाखवतात, पण कान सगळ्यांचे इकडे. स्वतःचं नाव आलं की हळूच टोपी सारखी करतात. हे काम करायला पक्की बाई लागते. आमच्या गावात म्हाताऱ्या बायांनी अक्काला परकर-पोलक्यात असतानाच पुढे बसवलं. तिचा आवाज गोड नव्हता, आजही नाही. जरा खरखरीत आहे, उन्हात वाळलेल्या तुरीच्या शेंगेसारखा. पण तो पार हायवेपर्यंत जायचा.

अशाच एका मांडवात धुळ्याच्या एका स्टुडिओवाल्या भाऊंनी तिला ऐकलं. तेव्हा अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ मोबाइलवर जोरात चालायला लागले होते. ते आबांना भेटायला घरी आले. आबा आधी नाही म्हणाले, मग गावातल्या दोघा-तिघांनी म्हटलं, "जाऊ दे ना आबा, गानंच म्हननं शे," तेव्हा स्वतः बरोबर जायच्या अटीवर तयार झाले. मीही गेले.

स्टुडिओ म्हणजे मोटर वाइंडिंगच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. आबांच्या गळ्यात माळ. ते दारातच थांबले. "हाई काय शे?"

"आबा, ह्याने आवाज घुमत नाही."

"आवाज घुमत नही म्हनीसन अंडा?"

"नुसते ट्रे आहेत आबा, अंडी नाहीत."

आबा भिंतीला अंग लागणार नाही असे खोलीच्या मधोमध उभे राहिले. पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा लागलेल्या. नणंद-भावजयीच्या चिडवाचिडवीचं गाणं होतं. अक्काने ते एकदा सलग म्हटलं आणि विचारलं, "आते खरं म्हनू का?" स्टुडिओवाले भाऊ कानावरचं यंत्र काढून म्हणाले, "झालं ताई. घेतलं मी." मग त्यांनी विचारलं, "नाव काय टाकायचं?"

अक्काने तोंड उघडायच्या आत आबा बोलले. "नाव कसाले? नाव टाकू नका. फोटो बी नको. पोरनं लगीन करनं शे माले."

भाऊ हसले. "फोटोचं टेन्शन घेऊ नका आबा, त्याच्यासाठी जळगावची एक मुलगी आहे."

तेव्हा मला राग आला नाही, हे खरं सांगते. मला तेव्हा वाटलं, आबा आमचं भलं बघतायत. राग नंतर हळूहळू साठला.

ते गाणं इतकं चाललं की लग्नात ते वाजल्याशिवाय वरात पुढे सरकेना. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, जिकडे जाल तिकडे अक्काचा आवाज. आणि नाव झालं त्या जळगावच्या मुलीचं. मी तिची सगळी वाटचाल मोबाइलवर पाहिली आहे, कुणी आपल्या शत्रूवर पाळत ठेवावी तशी. आधी ती नुसती व्हिडिओत नाचणारी होती. मग लोक तिला बघायला येतात म्हटल्यावर दुकानांच्या उद्घाटनाला बोलावू लागले. मग गणपतीत, नवरात्रात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला स्टेजवर. मागे पेनड्राइव्ह लावायचा, पुढे हिने माइक धरून ओठ हलवायचे. तोवर पोस्टरवर तिच्या नावामागे 'सुप्रसिद्ध गायिका' लागलेलं. ते कुणी लावलं कोण जाणे. एकाने छापलं, दुसऱ्याने त्याचं बघून छापलं, आणि झाली गायिका. कुठल्याशा मंडळाने शाल-श्रीफळ देऊन तिच्या गळ्याचा गौरव केला, तोही व्हिडिओ मी पाहिला. गळ्यात हार होता. गळा अक्काचा होता.

अक्का दर काही महिन्यांनी धुळ्याला जायची, नवं गाणं म्हणायची आणि परत येऊन भाकरी टाकायला बसायची. मी चिडले की ती मलाच वेड्यात काढायची. "माले नाचता येस का? तिनी तिनं काम करं, मी मन्हं करं." आमच्याच भाऊबंदकीतल्या लग्नात डीजेवर अक्काचं गाणं लागलं की आबांचे चुलत भाऊ, आमचे काका, आमचा थोरला भाऊ, सगळे शर्टाची बटणं उघडी टाकून नाचायचे. आबा खुर्चीत बसून मांडीवर ताल धरायचे. अक्का तिथेच बायांत, पदर सावरत. कुणी तिच्याकडे वळून बघायचंसुद्धा नाही. मला सांगा, ह्याला काय म्हणायचं? ज्या आवाजावर नाचायची लाज वाटत नाही, तो आपल्या घरचा आहे म्हणायची लाज कशी वाटते?

मग अक्काचं लग्न झालं, चोपड्याला. केळीवालं घर, घरात खाऊन-पिऊन सुख. दाजी अबोल, पण माणूस सरळ. सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात, गावात शब्दाला वजन असलेले. सासूबाई, जीजी, कामाला वाघीण. लग्न ठरवताना आबांनी गाण्याचा ग काढला नाही, आणि आम्हालाही ताकीद होती. अक्का धुळ्याला जायची बंद झाली. मळ्यात मोटर चालू असली की तिच्या आवाजात ती गुणगुणायची, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको. हे तिने मला फोनवर सांगितलं, हसत. मला हसू आलं नाही.

आणि तिकडे काय झालं? स्टुडिओवाल्या भाऊंनी दुसरा आवाज आणला, तिसरा आणला. गाणी येत राहिली, पण लोकांनी तोंड वाकडं केलं. खाली लिहायचे, 'ताईंचा आवाज बसला', 'पैसा आला आणि रियाज गेला', 'घमेंड आली की असंच होतं'. एक बाई चोपड्यात ज्वारीचे बिबडे-पापड थापत होती म्हणून दुसरीचा गळा बसला! उद्घाटनं कमी झाली, स्टेज कमी झाले. आधी मला बरं वाटलं. मग एक दिवस तिचा एक व्हिडिओ पाहिला, कुठल्यातरी मंडळासमोर पोरं शिट्ट्या मारून तिला म्हणत होती, "ट्रॅक बंद करा, खरं म्हणा!" ती हसत उभी होती. ते हसणं बघवेना. मोबाइल पालथा ठेवला.

गेल्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन अमळनेरला उतरले आणि एसटीने चोपड्याला अक्काकडे गेले. आम्ही गच्चीवर बिबडे घालत होतो. खालून पोरांचा गलका झाला. गाडी येऊन थांबली होती आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई उतरली. स्कार्फ सोडला आणि सगळी गल्ली धावली. तीच होती.

व्हिडिओतल्यापेक्षा बारीक, दमलेली, डोळ्यांखाली काळं. ओसरीवर बसली, जीजींनी कैरीचं पन्हं दिलं. तिचा घोट होईपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पोरी फोटो काढून घेतायत, बाया तिची साडी चाचपून बघतायत. शेजारचे एक बाबा म्हणाले, "ताई, इतक्या लांब आल्या, दोन ओळी म्हणा ना!"

तिने ग्लास खाली ठेवला आणि पिठाच्या हातांनी दारात उभ्या असलेल्या अक्काकडे बघितलं. "ज्यांचं गाणं आहे त्या इथेच उभ्या आहेत. त्यांना सांगा."

मी घाबरून नानांकडे बघितलं. मग अंगणातल्या माणसांकडे बघितलं. आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली ती वेगळ्याच कारणाने. कुणालाही धक्का बसला नव्हता. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. काहींनी मान खाली घातली, शेजारचे बाबा उगाच खाकरले. एवढंच.

मी म्हटलं, "नाना, आम्ही तुम्हाला सांगायला पाहिजे होतं..."

नाना शांतपणे म्हणाले, "माहीत शे ना आम्हले. लगीनना पहिलेपासून माहीत शे. आबासनी सांगं नही, आम्ही इचारं नही."

म्हणजे अक्काने मोटरच्या आवाजात लपून गाणी म्हटली ती कुणापासून? अक्का जीजींकडे वळली. "जीजी, तुमले बी?"

जीजी पन्ह्याचे ग्लास गोळा करत म्हणाल्या, "मळामा म्हनस ते ऐकू येस ना माय. माले वाटे, तू इचारशी."

माले वाटे, तू इचारशी! ह्या एका वाक्यावर अक्काची कितीतरी वर्षं वाळून गेली. ही विचारेल म्हणून त्या गप्प, त्या रागावतील म्हणून ही गप्प. तिकडे आबा खूश की झाकली मूठ झाकलेलीच आहे. मूठ कधीच झाकलेली नव्हती. गावभर उघडी होती. लपवलेलं काहीच नव्हतं, नुसतं बोलायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं, आणि कुणी कुणाला विचारून ठरवलेलं नव्हतं. अक्का आत गेली. मला वाटलं रडत असेल. जाऊन बघते तर ती मोरीत हात धूत होती, कोपरापर्यंत घासून घासून. म्हणाली, "येडी व्हतू मी." एवढंच.

गर्दी पांगल्यावर जळगावच्या बाई कामाचं बोलल्या. "ताई, लोक म्हणतात माझा आवाज बसला. बसायला माझा होता कुठे?" ह्यावर अक्काला हसू फुटलं, मग मलाही. इतकी वर्षं जिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती समोर बसून स्वतःचीच चेष्टा करत होती. आता मला तिचा रागही नीट करता येईना. जळगावला नवा स्टुडिओ आहे, नवं गाणं आहे, अक्काने म्हणावं, तिने नाचावं, असं तिचं म्हणणं होतं.

नाना उदारपणे म्हणाले, "म्हनू द्या ना. पहिले चालत व्हतं तसं चालू द्या."

अक्का म्हणाली, "नाव टाकसु."

"कोनं नाव?"

"मन्हं."

नाना हसले, लहान मुलाला समजवावं तसे. "सगळास्ले ठावकं शे, मंग लिखानी काय गरज?"

"सगळास्ले ठावकं शे, मंग लिखाले काय हरकत?"

नानांचं हसू गेलं. जळगावच्या बाई पटकन म्हणाल्या, "दोघींची नावं टाकू नाना. गायिका ह्या, मी नुसती नाचणारी." पण नानांनी हात वर केला. हा आता दोन घरांचा प्रश्न झाला होता. त्यांनी आबांना फोन लावला.

आबा दुसऱ्या दिवशी शिरपूरमार्गे एसटीने आले, उन्हाने रापलेले, खांद्यावर पिशवी. ओसरीवर बसले. पुरुष पुढे, आम्ही बायका दाराआड. ज्या बाईच्या नावाचा निकाल लावायचा होता ती दाराआड! आबांनी पाणी पिऊन सुरुवात केली. "तुन्हा भाऊनी पोर लगीनले उनी. तिनं कसं जमी? लोक म्हंतीन, हिनी आत्या गानाबजानामा शे."

अक्का दाराआडून बाहेर आली. माझ्या हातातून तिचा पदर सुटला. तो मी कधी धरला होता तेही मला कळलं नव्हतं.

"आबा, काकान्हा पोऱ्याना लगीनमा तुमनं नाव राही गयतं, तव्हय तुम्ही भरेल ताटवरून उठी गयतात. याद शे का?"

मला लख्ख आठवलं. मांडवात नावं गुंफणारी दुसरीच कुणी बाई होती, अक्काला ताप होता. ती आबांना विसरली. आबा जेवणावरून उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. काका गेले, मामा गेले, नवरदेव हळदीच्या अंगाने गेला, आबा उठेनात. शेवटी अक्काला तापातून उठवून आणलं. तिने मांडवातलं गाणं पुन्हा धरलं, आबांचं नाव सगळ्यात आधी गुंफलं, तेव्हा आबा ताटावर आले. सगळ्या गावाला ठाऊक होतं की आबा नवरदेवाचे सख्खे चुलते आहेत. तरी नाव घ्यावं लागलं. तेव्हा आबांना कुणी विचारलं नाही, की सगळ्यांना ठाऊक आहे तर घ्यायची गरज काय.

अक्काचा आवाज चढला नाही. "तुमनं एकदाव राह्यनं. मन्हं नाव तं कव्हयच कोनी लिधं नही."

आबांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "कर काय करनं ते," ते म्हणाले, "माले इचारू नको." आणि जेवायला न थांबता उठले. जीजी ताट वाढून उभ्या होत्या. आबा ओसरीची पायरी उतरले. मी त्यांच्यामागे स्टँडपर्यंत गेले, कारण ते माझेच वडील आहेत आणि ऊन फार होतं. वाटभर ते पुढे, मी चार पावलं मागे. मला बोलायचं खूप होतं.

परत आले तर दाजी मळ्यातून येऊन ओसरीवर बसले होते. नाना त्यांना समजावत होते की घाई नको, सहा महिने जाऊ दे. दाजी बुटाचा चिखल काडीने काढत ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "सोमवारे केळीनी गाडी भरनी शे. मंगळवारे मी लई जास तिले जळगावले." लग्नापासून दाजींचं इतकं मोठं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

जळगावचा स्टुडिओ गार होता, एसी होता, अंड्याचे ट्रे नव्हते. पण गाणं आता एकदा सलग म्हणत नाहीत, ओळ ओळ तोडून घेतात. कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा म्हणाला, "मॅडम, आवाज थोडा स्मूथ करून देतो." अक्का म्हणाली, "मला माझा ऐकू आला पाहिजे." त्याने काय केलं कुणास ठाऊक, पण खरखर राहिली. गाणं आलं तेव्हा मी सुरतेला परतले होते. मोबाइल उघडला, आणि पहिल्यांदा, गायिका म्हणून, अक्काचं नाव. माहेरचं आणि सासरचं दोन्ही. मी खाली धावत गेले आणि रिक्षावाल्या भाऊंना दाखवलं. "ही माझी बहीण आहे भाऊ!" त्यांनी कान लावून ऐकलं, कौतुकाने मान हलवली आणि म्हणाले, "वा वहिनी! हुबेहूब त्या ताईसारखं म्हंतस!"

मी त्यांना समजावून सांगितलं. ते हो हो म्हणाले. त्यांना पटलं नाही.

दुपारपर्यंत खाली शेरे आले. 'नक्कल करून कोणी मोठं होत नाही.' 'ओरिजिनल ते ओरिजिनल.' 'आमच्या ताईंचा आवाज चोरला.' 'स्वतःचा गळा शोधा, बाई.' माझं अंग पेटलं. चोर! जिच्या गळ्यावर सगळा खान्देश नाचला ती स्वतःच्याच गळ्याची चोर ठरली! जळगावच्या बाईंनी, त्यांचं भलं होवो, स्वतः खाली लिहिलं की जुन्या गाण्यांत माझा आवाज कधीच नव्हता, तो ह्याच ताईंचा होता. तर त्याखाली लोकांनी काय लिहावं? 'किती मोठं मन ताईंचं!' 'नवोदितांना असाच आधार द्या!' बदाम, हात जोडलेले, फुलं. म्हणजे खरं बोलण्याचंही श्रेय तिच्याच खात्यात.

मी ते शेरे वर-खाली करत राहिले, आणि शोधत होते आपली माणसं. ज्या काकांनी बटणं उघडी टाकून नाच केला ते. ज्या गावाने तिला परकर-पोलक्यात मांडवात बसवलं ते. चोपड्याच्या अंगणातली ती सगळी गर्दी, ज्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. धुळ्याचे स्टुडिओवाले भाऊ, ज्यांच्याकडे ते सगळं रेकॉर्डिंग पडलेलं आहे. इतकी वर्षं 'सगळ्यांना ठाऊक आहे' म्हणून जे गप्प होते, त्यांच्यापैकी एकाने, एकाने तरी, एक ओळ लिहायची होती. गाणं त्या सगळ्यांनी बघितलं. भावाने मला फोन करून सांगितलंसुद्धा, "चांगलं जमलंय, गावात सगळे ऐकतायत." मी म्हटलं, "मग खाली लिही ना, ही माझी बहीण आहे म्हणून." तो म्हणाला, "मी काय लिहू? सगळ्यांना..." मी फोन कापला.

अक्काला वाटलं मी रडत असेन, म्हणून तिने संध्याकाळी फोन केला. मागे बादलीचा आवाज येत होता, ती गुरांना पाणी ठेवत होती. दुसरं गाणं ठरलंय, पुढच्या आठवड्यात जायचंय, असं सांगत होती. मी म्हटलं, "अक्का, त्या लोकांना काहीतरी उत्तर दे ना. तू म्हण जरा, जुनं गाणं म्हणून दाखव, व्हिडिओ टाक."

"मी कसाले उत्तर दिऊ?" ती म्हणाली. "मी गानं म्हनस. ज्यासले ठावकं व्हतं, त्यासनी देनं पाहिजे उत्तर." आणि गाय बादली उलटवायला लागली म्हणून तिने फोन ठेवला.

मला ठाऊक होतं. म्हणून हे लिहून मी माझं उत्तर दिलं. आता बाकीच्यांनी द्यावं. आबांनी द्यावं.